इंजिनाची सोयरीक

वारलूभाऊ माझ्या दुकानात पहिल्यांदा आला, तेव्हा आल्या आल्या त्याने पाय धुवायला पाणी मागितलं.

माझं दुकान जुन्या गाड्यांच्या सामानाचं. चंद्रपूरहून बल्लारपूरला जाणाऱ्या रस्त्यावर. तिथली जमीन कोणत्या रंगाची आहे हे मलाही माहीत नाही, कारण मी जागा घेतल्यापासून तिच्यावर काळं तेलच आहे. तिथे माणूस आत येताना पाय धुवत नाही. बाहेर पडताना धुतो, आणि तेही डिझेलने.

"पाणी कशाला?" मी विचारलं.

"पाय धुवाले जी. पोरगी पाह्यले आलो."

"पत्ता चुकला तुमचा. मला पोरगी नाही. एकच पोरगा आहे."

"हाय न जी. थे काय, कोपऱ्यात बसली. लाजून राह्यली."

त्याने बोट केलं तिकडे ताडपत्री पांघरलेलं एक पिकअपचं इंजिन होतं.

मी रागीट माणूस आहे. सायकलच्या कॅरियरवर भंगार वाहून इथवर आलो, त्यात रागाचाच हात मोठा. एरवी अशा गिऱ्हाइकाला मी रस्त्यापर्यंत पोचवून आलो असतो. पण त्याच्या मागे गावातले चार म्हातारे इस्त्रीच्या कपड्यांत उभे होते आणि त्यातल्या एकाने बगलेतली सतरंजी माझ्या तेलावर अंथरूनही टाकली होती. स्वतःची सतरंजी घेऊन आलेल्या माणसाला हाकलणं अवघड असतं. आधी सतरंजी गुंडाळावी लागते. तेवढ्यात दुकानामागच्या घरातून माझी बायको कमल पाण्याची बादली घेऊन आलीसुद्धा. 'पोरगी पाहायला आले' एवढंच तिच्या कानावर पडलं होतं. तिला जन्मभर मुलगी हवी होती.

वारलूभाऊ अहेरीच्या अलीकडच्या एका गावचा. घरात तो एकटा आणि दारात एक पिकअप. गाडी एकेकाळी पांढरी होती असं तो म्हणे. एक दार दोरीने बांधलेलं, हॉर्न मुका, त्यामुळे समोर कोणी आलं की हा डोकं बाहेर काढून "बाजू व्हा जी" असं ओरडे. अहेरीच्या बाजाराच्या दिवशी त्यात कोंबड्या, तांदळाचे कट्टे आणि म्हाताऱ्या एकत्र बसत. लग्नसराईत सोयरिकीची माणसं आणि वऱ्हाड. त्या भाड्यावर त्याची चूल पेटे. आता इंजिनाचे रिंग-पिस्टन पार झिजले होते. गाडी निळा धूर सोडत गावातून गेली की दोन दिवस डास फिरकत नसत. चढावर वऱ्हाड उतरून ढकलत असे. एकदा तर नवरदेवालाही उतरवलं होतं. इंजिन बदललं नाही तर गाडी बंद, आणि गाडी बंद तर वारलूभाऊही बंद.

पण त्याचं सगळं रीतीनं. "रीत म्हंजे रीत, जी" हे त्याचं पालुपद. टायर घ्यायचे तर जोडीनेच, आणि जोडी एकाच बाजूला न लावता समोरासमोर लावायची, कारण भावाभावांनी एकमेकाचं तोंड पाहिलं पाहिजे. स्टेपनीचं चाक अधूनमधून काढून रस्त्यावर चालवायचं, कारण "तिलेबी जग दिसलं पाह्यजे." अहेरीच्या टायरवाल्याने मला हे सांगितलं, तेव्हा मी हसलो होतो. हे सगळं आपल्या दारात पाय धुऊन येणार आहे हे मला कुठे ठाऊक.

"पोरगी कोन्या घरची?" सतरंजीवर बसून एका म्हाताऱ्याने सुरुवात केली.

"पोंभुर्ण्याकडच्या एका दूधवाल्याच्या गाडीचं आहे. गाडी झाडावर गेली. इंजिन वाचलं."

"पोरकी हाय म्हना," म्हातारा हळहळला.

"दुधाच्या घरची," वारलूभाऊ म्हणाला. "म्हंजे पहाटे उठाची सवय हाय."

"किती चालली?"

"मीटर फुटलं अपघातात."

"वय नाई सांगत," दुसरा म्हातारा तिसऱ्याला म्हणाला.

एवढ्यात कमलने पोहे आणले. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला पाणीसुद्धा विकत मिळत नाही आणि इथे शेंगदाणे घालून पोहे. मी डोळे वटारले, पण तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती ताडपत्री दूर करून फडक्याने इंजिन पुसत होती.

मग वारलूभाऊने बशी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाला, "आता रीत म्हंजे रीत, जी. पोरीत काही खोड असन तं आत्ताच सांगजा. मागून कळलं तं दोन्ही घरची शोभा जाते."

एवढी वर्षं मी हा धंदा करतो. मालातली खोड सांगणं हे माझं काम नाही. ती गिऱ्हाइकाने शोधायची असते, त्यात त्याचं शिक्षण होतं. पण धुतलेल्या पायांची पाच माणसं गप्प बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती. बाप गप्प राहिला तर पोरीला काहीतरी मोठंच असणार, असा तो विचार. आणि मला माझाच आवाज ऐकू आला :

"थोडं तेल खाते."

"खाऊ द्या," कमल ताडकन म्हणाली. "खात्यापित्या घरची आहे."

वारलूभाऊने चौघांकडे पाहिलं. "खरं बोलले. पसंत."

"पसंत," चौघे म्हणाले.

"मग भावाचं बोला," मी म्हणालो.

"बापरे!" वारलूभाऊने कानावर हात ठेवले. "पोरीचा भाव करतेत का जी?"

इथे मी फसलो. गिऱ्हाइकाशी भांडावं, पण त्याच्या बोलीत भांडू नये. मला वाटलं, यांच्याच खेळात यांना धरू. म्हटलं, "तुमच्या गाडीत आधीचं इंजिन आहे ना? म्हणजे नवरा दुजवर झाला. दुजवराला पोरगी द्यायची तर बापाला चार पैसे जास्त लागतात."

म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. मला वाटलं, जिंकलो.

"पहिली वारली नाई जी," वारलूभाऊ म्हणाला. "थकली फकत. थे घरीच राह्यन, पडवीत."

"म्हणजे जुनं इंजिन तुम्ही मला देणार नाही?" मी उठून उभा राहिलो. जुनं इंजिन नेहमी दुकानदाराचं. त्यातच तर आमचं सुटतं.

"आणि आमची पोरगी सवतीवर?" कमलही उभी राहिली. "नाही द्यायची!"

माझ्या बाजूने भांडायला उठलेली बायको कोणत्या बाजूला आहे हे मला समजेना. चौघा म्हाताऱ्यांनी पंच होऊन पुष्कळ खल केला. शेवटी ठरलं की गाडी म्हणजे पोरगा, आणि जुनं इंजिन ही त्याची बायको नव्हेच, आई. एवढी वर्षं तिनेच त्याला सांभाळलं. तेव्हा ती सासू.

"अना सून आली म्हनून सासूले भंगारात देतेत का?" वारलूभाऊने मला विचारलं. "तुमच्या घरी देतेत का?"

माझी आई तेव्हा आतल्या खोलीत खोकत होती. जुनं इंजिन गेलं.

इंजिनाचे पैसेही म्हाताऱ्यांनीच ठरवून दिले, भाव म्हणून नव्हे, पोरीचा मान म्हणून. मग आंदण. "हुंडा आमी घेत नाई," वारलूभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाला, "तुमच्या खुशीनं जे देसान थे." मी खुशीने काहीच देणार नव्हतो. पण कमल मांडणीवर चढली होती. सेल्फ दिला, अल्टरनेटर दिला, नवीन गॅस्केटची पुडी दिली. "रिकाम्या हाताने पाठवायची का पोरगी?" ती म्हणाली. मी ओरडत होतो आणि ती वस्तू काढत होती. एक रेडिएटर मी दोन्ही हातांनी धरून ठेवला, तेवढा वाचला.

आणि मग तो माझ्या जिवावर उठला. माझ्या दुकानात बोर्ड आहे : 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही. गॅरंटी मागून अपमान करू नये.' त्या बोर्डावर माझं दुकान उभं आहे. वारलूभाऊने एका म्हाताऱ्याकडून तो मोठ्याने वाचून घेतला. मग म्हणाला, "हे कोन्या बापानं लिवलं असन?"

कमल माझ्याकडे पाहू लागली.

"नांदली नाई तं पोरगी बापाच्या घरीच येते न जी? दुसरीकडं कुठी जाईन?"

"गॅरंटी मिळणार नाही!"

"बरं, नको," तो चटकन म्हणाला. "गॅरंटी नको. मले फकत इवाई म्हना."

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. एक शब्द. माझ्या खिशातून काहीही जाणार नव्हतं. कोणत्याही शहाण्या माणसाने शब्द दिला असता आणि गॅरंटी वाचवली असती. पण सकाळपासून पोहे गेले, सेल्फ गेला, जुनं इंजिन गेलं, आणि आता या माणसाला मी नात्यातही हवा होतो. माझं डोकं फिरलं.

"गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक!" मी ओरडलो. "दिवाळीपर्यंत गॅरंटी देतो, जा! पण इवाई म्हणणार नाही!"

माझ्या धंद्यात दिलेली ही एकमेव गॅरंटी. ती मी रागाच्या भरात, न मागता दिली. वारलूभाऊचा चेहरा मात्र पडला. गॅरंटी मिळून चेहरा पडलेलं गिऱ्हाईक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आमच्या फिटरने साखळी-कप्पीने जुनं इंजिन काढलं, नवं उचललं. ते हवेत लोंबकळत बॉनेटखाली जाताना वारलूभाऊ ओरडला, "हळू जी, उंबरठा हाय!" सगळं जोडून झाल्यावर चावी फिरवली. इंजिन खोकलं, पांढरा धूर काढला आणि मग एका लयीत लागलं. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कमलने पदर डोळ्यांना लावला.

"रडतेस काय? अपघाताच्या गाडीचं इंजिन आहे."

"तुम्हाला नाही कळायचं."

जुनं इंजिन मागे चढवलं आणि त्याच्यावर ती सतरंजी पांघरली. ते पुढे तोंड करूनच ठेवायला लावलं. म्हातारीला उलटं बसलं की चक्कर येते म्हणे.

यानंतर माझे हाल सुरू झाले. दर काही दिवसांनी ती पिकअप दुकानासमोर येऊन उभी राही. गॅरंटी! मी धावत जाई. "काय झालं? आवाज येतो? गरम होते?"

"काई नाई जी. पोरीले माहेरी आनलं."

तो बॉनेट उघडून ठेवी, म्हणजे कमलला नीट पाहता यावं. कधी वांगी आणी, कधी नदीचे झिंगे, कधी घरचा तांदूळ. चहा घेई, माझ्या आईच्या खोकल्याची चौकशी करी, पडवीतली सासू बरी आहे असं सांगे आणि "येतो जी, इवाई" म्हणून निघून जाई. मी दर वेळी सांगे, "मी तुमचा इवाई नाही." तो दर वेळी मान हलवी, जसं काही मी 'सावकाश जा' म्हणालो. कमल इंजिनाचं तेल फुकट बदलून देऊ लागली. रस्त्यावरचे दुकानदार मला इंजिनाचा बाप म्हणू लागले. एकाशी माझी त्यावरून मारामारी व्हायची राहिली.

दिवाळी झाली. गॅरंटी संपली. मी सुटलो म्हणालो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पिकअप पुन्हा दारात. मग मात्र माझी झोप गेली. गॅरंटी असताना येणारा माणूस मला समजत होता. गॅरंटी संपल्यावरही येतो, काही मागत नाही, उलट वांगी देतो, या माणसाला माझ्याकडून काढायचंय तरी काय? घासाघीस करून मोठ्या झालेल्या माणसाला सगळ्यात भीती कशाची वाटत असेल, तर काहीच न मागणाऱ्या माणसाची.

पुढे माझ्या पोरासाठी, प्रशांतसाठी, स्थळ आलं. मुलगी अहेरीच्या पलीकडची. सूरजागडच्या खनिजाच्या ट्रकांनी तिकडचा रस्ता असा केला होता की माझी कार पोटावर घासत गेली असती. कमल म्हणाली, वारलूभाऊला बोलवा. मी फोनवर भाडं ठरवायला गेलो तर म्हणाला, "रीतीनं पाहू जी." ठरलेल्या सकाळी तो गाडी धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला.

मुलीच्या घरी जय भीम झाला, पाय धुवायला पाणी आलं, आम्ही तिघं सतरंजीवर बसलो. मुलगी येऊन समोर बसली, मान खाली. मुलीचा बाप सौम्य माणूस होता, शाळेत शिपाई. बोलणं सुरू झालं. मला तंबाखूशिवाय सोयरीक जमत नाही आणि पुडी गाडीत राहिली होती, म्हणून मी उठून बाहेर आलो.

गाडी घराच्या भिंतीला लागून, खिडकीखाली, मोहाच्या झाडाच्या सावलीत उभी होती. वारलूभाऊ स्टिअरिंगपाशी बसला होता. पोह्यांची बशी समोर ठेवलेली. पाठ ताठ, हात जोडलेले, कान खिडकीकडे.

"पोराचं शिक्षण किती म्हनता?" आतून मुलीच्या बापाचा आवाज आला.

"कालेज झालं जी," वारलूभाऊ स्टिअरिंगला हळूच म्हणाला. "पोरगा गुनाचा हाय."

आत कोणीतरी काही बोललं आणि सगळे हसले. तोही हसला. जरासा मागून.

"वारलूभाऊ," मी म्हणालो, "तुम्ही आत का नाही आलात?"

तो दचकला. मग नेहमीसारखा हसला. "ड्रायव्हर कुठी आत बसते जी? गाडीपाशी कोनी पाह्यजे न. अख्ख्या गावाच्या सोयरिकी मी अशाच आयकल्या. चहा येते बाहेर, पोहेबी येतेत. मानसं चांगली हायेत."

"आणि तुमच्या घरची?"

"आमच्या घरी कोनाची जी? बायको लौकरच गेली. लेकरू नाई. सोयरिकीचं कामच नाई पडलं." त्याने डॅशबोर्डवर पालथा हात फिरवला. "एकच झाली. तुमच्या दुकानात."

मला राग आला. तो मला नेहमीच येतो, पण कोणावर आला हे मला माहीत असतं. त्या वेळी समजेना. म्हणून जो समोर होता त्याच्यावर काढला.

"ओ इवाई!" मी ओरडलो. "उतरा खाली!"

त्याने मागे वळून पाहिलं, मागे कोणी बसलंय का ते.

"तुम्हालाच म्हणतो! रीत म्हंजे रीत! गाडी काय कोणी खाते का?" आणि मी दाराकडे तोंड करून आणखी मोठ्याने ओरडलो, "पाय धुवायला पाणी आणा! आमचे इवाई बाहेर राहिले!"

आतलं बोलणं एकदम थांबलं. मुलीचा बाप दारात आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"भाऊ," तो म्हणाला, "तुमाले तं एकच पोरगा. मंग इवाई कसे? पोराचं पयलं लगन झालं हाय का?"

दुजवर! माझाच डाव फिरून माझ्या अंगावर आला. तेवढ्यात आतून कमलचा आवाज आला, अगदी शांत. "तसं नाही भाऊ. आमची एक मुलगी दिली आहे यांच्या घरी."

"मुलगी? कुठी हाय?"

"बाहेर उभी आहे. बॉनेटखाली."

पुढची बरीच मिनिटं समजावण्यात गेली. सोयरीक मोडते की काय अशी वेळ आली होती, कारण वेड्याच्या घरी मुलगी कोण देणार. पण खाली मान घालून बसलेली ती मुलगी 'खात्यापित्या घरची'पर्यंत ऐकून फस्सकन हसली, आणि तिच्या बापाला धीर आला.

वारलूभाऊने फार वेळ पाय धुतले. टाचा घासल्या, बोटांच्या बेचक्या घासल्या, रुमालाने पुसले. मग आत येऊन माझ्या शेजारी बसला, सतरंजीच्या अगदी कडेला. मी त्याला दंडाला धरून मध्ये ओढला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. आता विचारा काय ते, अशा अर्थाने.

त्याने घसा साफ केला. "बाई," तो मुलीला म्हणाला, "तुले काय आवडते?"

इतक्या वेळात हे तिला कोणी विचारलं नव्हतं. ती गोंधळली. बापाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "सायपाक सोडून काईबी," ती म्हणाली आणि जीभ चावली.

"खरं बोलली," वारलूभाऊ म्हणाला. "पसंत."

परत येताना प्रशांत मागे बसला होता, कमल आणि मी पुढे वारलूभाऊजवळ. मी भाड्याचे पैसे काढले. त्याने ते पाहिले आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मी ते पुन्हा खिशात ठेवले. इवायाकडून कोणी भाडं घेत नाही. म्हणजे या माणसाशी व्यवहारात मी पुन्हा हरलो, आणि हे मी कधीही विसरणार नाही.

आलापल्ली मागे पडल्यावर तो म्हणाला, "आतून लई येगळं आयकू येते जी."

"काय?"

"सोयरीक. बाहेर फकत बोलनं येते. आत बसलं का मानसं गप राह्यतेत थेबी आयकू येते."

आष्टीच्या पुलापर्यंत कोणीच बोललं नाही. इंजिन तेवढं चालू होतं, एका लयीत, थोडं तेल खात.